देवाने क्षमा केली, मग भावाला सांगायचं कशाला?

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांच्या ठेवीची सगळी कागदपत्रं माझ्याकडे होती. धाकटा भाऊ दूर राहायचा. मी त्याला खरा आकडा सांगितला नाही. त्याच्या वाट्यातली बरीच रक्कम माझ्या अडचणीत वापरून टाकली. त्याला अजूनही माहीत नाही. या गोष्टीला १४ वर्षं झाली. देवापुढे रडून कबुली दिली आहे, दर शुक्रवारी उपवास करतो, चर्चच्या मंडळीत पडेल ते काम करतो. तरी येशूच्या मरणाच्या आठवणीत घ्यायची प्रभुभोजनाची भाकर हातात घेतली की भावाचा चेहरा समोर येतो. माझा विश्वास कमी पडतो का? आणि देवाने क्षमा केली असेल, तर आता भावाला सांगून त्याला दुखवायची गरज आहे का?
– एक वाचक

उत्तर : प्रिय बंधू,

तुमचं पत्र मी चार दिवस टेबलावर नुसतं ठेवून दिलं होतं. त्यातला शेवटचा प्रश्न मी स्वतःला ११ वर्षं विचारत आले होते, आणि दर वेळी मला सोयीचं तेच उत्तर देत होते.

मी तेव्हा १९ वर्षांची होते. आई अंथरुणाला खिळलेली. ताई आणि मी आळीपाळीने तिचं सगळं करायचो. एका दुपारी ताईच्या नावाने पत्र आलं. नर्सिंगच्या शिक्षणाला तिला प्रवेश मिळाला होता आणि २० दिवसांत हजर व्हायचं होतं. मी ते पत्र उघडलं, वाचलं आणि माझ्या गीतपुस्तकाच्या कव्हरच्या आत सरकवून दिलं. ताई गेली तर सगळं माझ्या एकटीच्या अंगावर पडेल, एवढंच डोक्यात होतं. ताई महिनाभर टपालाची वाट पाहत राहिली. मग तिने तो विषयच सोडला.

पुढे मी ताईसाठी काय केलं नाही! तिच्या आजारपणात रात्री जागले, तिची मुलं सांभाळली. बहिणीवर जीव टाकते म्हणून लोक माझं कौतुक करायचे आणि ते कौतुक मला टोचायचं. तुमचा शुक्रवारचा उपवास वाचला आणि हे सगळं आठवलं. आपण दोघंही हप्ते फेडत होतो, पण ज्याचं देणं होतं त्याला पत्ता लागू न देता.

म्हणून आधी उपवासाबद्दल सांगते. पापाची भरपाई म्हणून तो करत असाल तर थांबवा. ‘पूर्ण झाले आहे’ असं प्रभू येशू वधस्तंभावरून म्हणाला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, ‘तेतेलेस्ताई’. त्या क्रियापदाचा काळ असा आहे, की काम एकदाच होऊन गेलं आणि त्याचा परिणाम आजही टिकून आहे. त्यात तुमच्या ७०० शुक्रवारांची भर घालायला जागाच नाही.

मग भावाचा चेहरा का दिसतो? तुमचा विश्वास कमी आहे म्हणून दिसतो, असं मला वाटत नाही. पवित्र आत्माच तो चेहरा तुमच्यासमोर आणतो आहे, असं मी मानते. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या ६व्या अध्यायाची सुरुवात एकदा सावकाश वाचा. शेजाऱ्याने विश्वासाने सोपवलेली ठेव कोणी नाकारली, तर त्याने काय करायचं ते तिथे सांगितलं आहे. ती ठेवच! तुमचं पत्र वाचताना माझ्या अंगावर काटा आला तो यामुळे. शिवाय असा माणूस परमेश्वराचा अपराधी असतो, असं तिथे पहिल्याच वाक्यात म्हटलं आहे. त्याने घेतलेलं सगळं परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा आणि ते मालकाच्या हाती द्यायचं. पापाबद्दल देवाला अर्पायचा, म्हणजे दोषार्पणाचा मेंढा येतो तो त्यानंतरच्या वचनात. मेंढा आणला म्हणून परतफेड चुकत नव्हती, आणि नुसत्या परतफेडीने मेंढ्याची गरजही संपत नव्हती.

आपण मात्र वधस्तंभाकडे पाहून मधलं, परतफेडीचं वचन गाळतो. ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे’ हा स्तोत्र ५१ मधला दाविदाचा आक्रोश आपल्याला फार जवळचा वाटतो. पण दाविदाने तो टाहो फोडला तेव्हा, ज्याची बायको घेऊन ज्याला त्याने लढाईत मारवलं तो उरीया मेलेला होता. त्याच्या दारात जाण्याची वाटच राहिली नव्हती. तुमचा भाऊ जिवंत आहे.

प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच. प्रभूला अटक झाली त्या रात्री ‘मी त्याचा नाही’ म्हणून त्याने नाकारलं ते कोळशांच्या विस्तवाजवळ. पुनरुत्थानानंतर प्रभूने त्याला किनाऱ्यावर बोलावलं तेव्हा तिथेही कोळशांचा विस्तव होता. त्यासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द सगळ्या नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. तीनदा नाकारणाऱ्याला प्रभूने त्या विस्तवाच्या धगीत तीनदा विचारलं, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ पेत्राला त्याने टाकलं नाही, पण त्या जागेवरून वळसा घालूनही नेलं नाही.

मार्क १०:४५ मध्ये प्रभू म्हणतो, की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. आज खंडणी म्हटलं की गुंड आठवतात. इथे मात्र दुसऱ्याला सोडवण्यासाठी स्वतःच्या पदरचं मोजणं असा त्याचा अर्थ आहे. हा अर्थ मला प्रवचनातून कळला नव्हता, ताईमुळे कळला.

११व्या वर्षी मी ते पत्र काढलं. घड्यांवर पिवळं पडलेलं. ताई भांडी पुसत होती. तिने हात कोरडे केले, पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “हजर व्हायची तारीख कोणती होती?” तारीख त्याच पत्रात होती, तरी तिने विचारलं आणि मला ती मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाली, “आईला त्या अवस्थेत टाकून मी गेले नसते बहुतेक. पण ते मी ठरवायचं होतं.”

त्या दिवशी तिने मला माफ केलं नाही. मी मागितलीही नाही, आणि तेवढंच माझ्या हातून बरं झालं. आठ महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी ती मागच्या बाकावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली. तिचं जे गेलं ते मी आणून देऊ शकत नव्हते. तो तोटा तिने माझ्याकडून वसूल न करता स्वतःवर घेतला. वधस्तंभावर देवाने काय सोसलं, याची मला थोडी कल्पना आली ती त्या बाकावर.

तेव्हा बंधू, भावाला सांगा. “त्याला दुखवायचं नाही” हे आपण बहुतेक वेळा स्वतःला वाचवण्यासाठी म्हणतो. फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा. अडचणींची कहाणी त्याने विचारली तरच सांगा. तो ओरडेल, उठून जाईल किंवा गप्प राहील. त्याच्याकडून क्षमा घेऊनच निघायचं, असा हट्ट धरू नका, नाहीतर ते दुसऱ्यांदा घेणं होईल. सगळी रक्कम एकदम जमत नसेल तर जमेल तेवढी आत्ता न्या आणि उरलेली कधी देणार ते लिहून द्या. हिशेब मूळ कागदांसकट त्याच्या हाती ठेवा, आणि त्यात पाचवा हिस्सा धरायला विसरू नका.