रिपोर्टमध्ये पेशी कमी आल्या, आता प्रतिकारशक्ती वाढवायची का?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार, झालेल्या व्यक्तीच्या घरी बहुतेक वेळा एक निष्कर्ष आधीच निघालेला असतो: प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून हे झालं. तिशीतल्या एक शिक्षिका नवऱ्यासोबत भेटायला आल्या, तेव्हा त्यांचंही तेच म्हणणं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना या आजारावरची फिंगोलिमॉड ही गोळी सुरू केली होती. नव्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, बरेच खाली आले होते. नवऱ्याने घाबरून प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या कॅप्सूल आणल्या होत्या आणि बाईंनी मूळ गोळी बंद करायचं जवळपास ठरवलंच होतं.

गोळी बंद करण्याचा विषय मी आधी घेतला, कारण खरा धोका तिथेच होता. फिंगोलिमॉड अचानक थांबवलं तर काहींमध्ये आजार आधीपेक्षा जोराने उसळतो. त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

मग रिपोर्टकडे वळलो. या आजारात प्रतिकारशक्ती दुबळी नसते, तिचा रोख चुकलेला असतो. टी आणि बी पेशी (हे लिम्फोसाइट्सचेच प्रकार) मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधल्या मायलिनच्या, म्हणजे मज्जातंतूंभोवतीच्या, आवरणाला परकं समजून त्यावर हल्ला करतात. त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी अनेक रुग्णांमध्ये संख्येने पुरेशा असतात, पण त्यांचा वचक कमी पडतो. फिंगोलिमॉड बऱ्याच लिम्फोसाइट्सना लसिकाग्रंथींतून बाहेरच पडू देत नाही. त्या मरत नाहीत, रक्तात कमी दिसतात, आणि मेंदूपर्यंत कमी पोहोचतात. म्हणजे तो आकडा बहुतांशी औषध काम करत असल्याची खूण होता. अर्थात तो फारच खाली गेला तर डॉक्टर औषध थांबवतात, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही.

"मग वाढवलं तर बिघडतं कुठे?" नवऱ्याने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. १९८७ मध्ये एका छोट्या चाचणीत १८ रुग्णांना गॅमा इंटरफेरॉन, म्हणजे रोगप्रतिकार पेशींना चेतवणारं प्रथिन, दिलं गेलं. त्यातल्या सात जणांना उपचार चालू असतानाच आजाराचा झटका आला. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये तेवढी ताकद असेलच असं नाही, पण या आजारात चेतवण्याची दिशाच उलटी आहे, आणि ती कॅप्सूल डॉक्टरांना न दाखवता घेऊ नये असं मी स्पष्ट सांगितलं.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी स्वतःकडे लक्ष दिलं नाही म्हणूनच ना?" मला वाटतं, रिपोर्टपेक्षा हेच त्यांना जास्त जाळत होतं. मी त्यांना २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून त्यात दिसलं, की एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर या आजाराचा धोका सुमारे ३२ पट वाढतो. हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांना कधी ना कधी गाठतोच, आणि त्यातल्या फार थोड्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होतो. जनुकं आणि इतर काही गोष्टींचाही त्यात वाटा असतो. हे सगळं कुणी दुर्लक्ष केलं म्हणून घडत नाही. हे ऐकताना त्यांना रडू आलं, आणि मी त्यांना रडू दिलं.

जाण्याआधी आम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर उतरवले: लिम्फोसाइट्स किती खाली गेले तर काळजी करायची, पुढची तपासणी केव्हा, कोणत्या लसी चालतील. जिवंत विषाणूंच्या लसी या औषधावर टाळतात, हे त्यांना माहीत नव्हतं. ताप उतरत नसेल किंवा नागिणीसारखे फोड आले तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा, हेही लिहिलं. चौथा प्रश्न नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिला: घरात हिला मदत कशी करू?