चालणे पुरेसे नाही : ज्येष्ठ वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

साठीनंतरच्या दिनचर्येविषयी नागपूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत ‘काय खावे आणि काय टाळावे’ एवढेच विचारलेले असते. ‘शेवटपर्यंत माझे मला उठता-बसता यावे, यासाठी आज काय करू’ असे विचारणारे पत्र क्वचितच येते. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आधी यायला हवा आणि म्हणूनच तो विचारणाऱ्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, मी ६८ वर्षांचा सेवानिवृत्त शिक्षक आहे. रोज पहाटे अंबाझरीच्या बाजूला तासभर चालतो. रक्तदाब आणि साखर आटोक्यात आहे. तरीही गणपतीच्या आरतीनंतर जमिनीवर बसलो, तेव्हा उठताना मुलाचा हात धरावा लागला. त्या दिवसापासून घरच्यांनी मला खाली बसण्याची बंदी केली असून जेवण, पूजा, वाचन सर्व काही खुर्चीवर चालते. इतके चालूनही पाय कमजोर कसे झाले? आणि घरच्यांचे म्हणणे योग्य आहे काय?
(एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : आपले चालणे वाया गेलेले नाही. रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहण्यात त्याचा निश्चित वाटा आहे. परंतु सपाट रस्त्यावर चालताना हृदयाला आणि फुप्फुसांना जेवढा व्यायाम मिळतो, तेवढा मांडीच्या आणि नितंबांच्या स्नायूंना मिळत नाही, कारण अंगाचे वजन खालून वर उचलण्याची वेळच त्यांच्यावर येत नाही. जमिनीवरून उठताना नेमके हेच काम करावे लागते. तिशीनंतर स्नायूंचे प्रमाण दर दहा वर्षांना साधारणपणे ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते, साठीनंतर ही घट वेगाने होते, आणि स्नायूंचा आकार जितका कमी होतो त्याहून त्यांची ताकद अधिक कमी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याखेरीज ताकदीचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असे म्हटले आहे. यातील पहिला भाग आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. दुसऱ्याची आठवण फारशी कुणी ठेवत नाही. सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर पहाटे चालणाऱ्यांची रीघ असते, पण वाटेतल्या बाकावर दहा वेळा उठ-बस करून पुढे जाणारा ज्येष्ठ नागरिक शोधावा लागतो.

घरच्यांची बंदी प्रेमापोटी आहे हे मान्य, तरी ती आपल्या हिताची नाही. जे काम जड जाऊ लागले तेच बंद केल्यास ते करणारे स्नायू आणखी लवकर झडतात. ब्राझीलमधील डॉक्टर क्लॉडिओ गिल अराऊजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितले आणि हात, कोपर किंवा गुडघा टेकावा लागला की दर वेळी एक गुण वजा केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांना कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. जमिनीवर बसल्यामुळे आयुष्य वाढते असे यावरून सिद्ध होत नाही. ताकद, तोल आणि सांध्यांची लवचीकता यांचा एकत्रित अंदाज या एका कृतीतून येतो, एवढेच त्याचे महत्त्व आहे. आपल्या आजी-आजोबांची ही चाचणी पाटावरच्या पंगतीत रोज दोन वेळा होत असे. डायनिंग टेबल आले आणि ती बंद झाली.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीशी घेऊन सावकाश उभे राहावे आणि त्याहूनही सावकाश बसावे, कारण बसताना वजन तोलत खाली आणण्यातच स्नायूंचा खरा कस लागतो. आठ ते दहा वेळा झाल्यावर थोडी विश्रांती घेऊन पुन्हा तेवढेच करावे. हे सहज जमू लागले की खुर्चीऐवजी दिवाण, मग चौरंग, असे आसन हळूहळू खाली आणावे. जमिनीवरून उठण्याचा सराव सुरुवातीला कुणीतरी जवळ असतानाच करावा. त्यासाठी आधी कुशीवर वळावे, मग हात व गुडघे टेकून रांगण्याच्या स्थितीत यावे, एक पाऊल पुढे रोवावे आणि दिवाणाच्या कडेचा आधार घेऊन उभे राहावे. स्वयंपाकाच्या ओट्याला बोटे टेकवून टाचा उचलणे आणि एका पायावर काही सेकंद उभे राहणे, हे चहा उकळेपर्यंत होऊ शकते. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, किंवा श्रम करताना छातीत दुखत असेल, तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

उशीर झाला असे समजू नये. १९९० साली अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली दिला, तेव्हा व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी. केवळ दहा दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यास निरोगी वृद्धांच्या पायांतील जवळपास एक किलो स्नायू कमी होऊ शकतात, म्हणून साध्या तापातही दिवसभर पडून राहू नये.

ताकदीच्या व्यायामाला प्रथिनांची जोड लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवते, तर ज्येष्ठांच्या पोषणाचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जातात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने हवीत. आपले रात्रीचे जेवण बहुधा पोळी, भाजी आणि पातळ वरण असेल. त्यातील वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅमच मिळतात. मूठभर शेंगदाण्यांतून सात ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा-सात आणि एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, हे लक्षात ठेवून प्रत्येक जेवणात एक तरी असा पदार्थ वाढवावा. रविवारी तर्री-पोहे सोडवत नसतील तर तेलाचा तवंग बाजूला सारावा आणि तर्रीतील हरभरे आवर्जून खावेत. त्या बशीतील सर्वांत उपयोगी वस्तू तीच आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रश्न : मी ६४ वर्षांची गृहिणी आहे. रक्तदाबाच्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारे औषध आहे. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात आणि उन्हाळा लागला की सर्व जण मीठ घातलेले पन्हे, ताक प्या म्हणून सांगतात. नवतपात मी नक्की कोणाचे ऐकावे? मला तहानही फारशी लागत नाही.
(एक वाचिका, महाल)

उत्तर : आपल्या प्रश्नातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही घटते. त्यामुळे नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो त्या दिवसांत तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ, हा हिशेब साठीनंतर चालत नाही. सकाळी तांब्या भरून डोळ्यांसमोर ठेवावा आणि दुपारपर्यंत तो संपवावा. हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

मिठाविषयी डॉक्टरांचेच ऐकावे. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे आणि त्यातच लोणचे, पापड व कुरडया मोजाव्यात. घरात कूलरसमोर बसणाऱ्या व्यक्तीला उन्हाळा आहे म्हणून जादा मिठाची गरज नसते. पन्हे अवश्य प्यावे, त्यात मीठ चवीपुरतेच घालावे. जुलाबावर दिल्या जाणाऱ्या ओआरएसच्या एक लिटर द्रावणात २.६ ग्रॅम मीठ असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी ते रोजचे सरबत समजून पिऊ नये.

मात्र याला एक अपवाद आहे. पाणी काढणाऱ्या गोळ्यांमुळे काही ज्येष्ठांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, रक्तातील सोडियम घसरते आणि मग सुस्ती येते, तोल जातो, बोलण्यात असंबद्धता येते. घरचे लोक त्याला ‘वयाचे’ किंवा ‘उन्हाचे’ म्हणून सोडून देतात. म्हणून उन्हाळा सुरू होण्यापूर्वी सोडियमची तपासणी करून घ्यावी आणि रक्तदाब बसून व उभे राहून, असा दोन्ही प्रकारे मोजून गोळीच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे. गोळी स्वतःहून बंद करू नये.

कूलरविषयीही थोडे सांगायला हवे. कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो, पण त्यासाठी खिडकी थोडी उघडी हवी; जूनमध्ये हवेत दमटपणा आला की त्याचा उपयोग संपतो. हवा ४० अंशांच्या वर असताना नुसता पंखा अंगाला थंड करण्याऐवजी तापवू शकतो, तेव्हा ओला पंचा मानेवर व हातांवर फिरवत राहावे. उन्हात राहिल्यावर कुणी गोंधळल्यासारखे बोलू लागले किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर ती उष्माघाताची खूण समजून लगेच अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

प्रश्न : रात्री नऊला झोपतो आणि तीनला जाग येते. मित्राने झोपेची गोळी सुचवली आहे. घ्यावी का? वय ७१.
(एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : घेऊ नये. वयानुसार झोपेचे घड्याळ पुढे सरकते, त्यामुळे नऊला झोपणाऱ्याला तीनला जाग येणे यात रोग काही नाही. रात्री साडेदहापर्यंत जागावे, संध्याकाळी उजेडात फिरावे आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी. उन्हाळ्यात आपल्याकडे ती सहज दोन तासांवर जाते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी ज्येष्ठांमध्ये पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. जे त्या रोज घेत आले आहेत, त्यांनी त्या एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. पूर्वी त्या भजनी मंडळात उत्साहाने जात, आता घराबाहेर पडत नाहीत. टीव्हीचा आवाज फार मोठा लागतो. काही विचारले तर भलतेच उत्तर देतात. त्यांना विसरभोळेपणाचा आजार तर नसेल ना?
(एक वाचिका, मनीषनगर)

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून पहिला संशय कानांवर जातो. ज्याला ऐकू येत नाही तो अंदाजाने उत्तर देतो, त्यावर लोक हसतात, आणि मग तो चारचौघांत जाणेच टाळतो. सासूबाईंनी मंडळ सोडले याचे कारण हे असू शकेल. प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानातील मळ काढून घ्यावा, कारण काही वेळा तेवढ्यानेही फरक पडतो, आणि त्यानंतर श्रवणचाचणी करावी.

विसरभोळेपणाशी याचा संबंधच नाही असेही नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली असून त्यांत मध्यम वयापासूनचा बहिरेपणा आहे. श्रवणयंत्राने स्मृती टिकते का, याची ७० ते ८४ वर्षांच्या व्यक्तींवर तीन वर्षे झालेली अमेरिकी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांचा एकत्र विचार करता तीत फरक दिसला नाही. मात्र ज्यांना मुळात धोका अधिक होता, त्यांच्या आकलनशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. स्मृतीचा विचार बाजूला ठेवला तरी भजनातले शब्द पुन्हा कानी पडणे हे कारण मला पुरेसे वाटते.

यंत्र पहिल्या दिवशी नकोसे वाटते, कारण मिक्सर आणि रहदारीचे आवाजही मोठे होतात. आधी शांत खोलीत, मग एका माणसाशी बोलताना आणि शेवटी गर्दीत, अशी काही आठवड्यांत सवय लावावी. उत्पन्न कमी असलेल्या ज्येष्ठांना २०१७ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मोफत मिळू शकते. तोपर्यंत घरातील सर्वांनी सासूबाईंच्या समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, बोलणारा रागावला आहे एवढेच कळते. यंत्राची सवय झाल्यावरही नावे, वाटा किंवा पैशांचा व्यवहार चुकत राहिला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : चाळीस वर्षांपासून खर्रा खातो. आता सत्तरीत सोडून काय मिळणार?
(एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : पुष्कळ काही. खर्र्यात तंबाखू आहेच, पण निव्वळ सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा ‘बिनतंबाखूचा’ खर्रा हा पर्याय नव्हे. आपली स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते आजच पाहावे. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात याच आठवड्यात तपासून घ्यावे. सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. पहिल्या काही दिवसांत चिडचिड होते आणि झोप बिघडते, याची घरच्यांना आधीच कल्पना द्यावी. खिशात खर्र्याच्या पुडीऐवजी भाजलेली बडीशेप किंवा जवस ठेवावे, आणि ज्या पानठेल्यावर रोजची बैठक असते, तेथील मित्रांना काही दिवस दुसरीकडे भेटावे.