पुण्यात हौस म्हणून लोहारकाम शिकायचं आहे, जुनी हत्यारं कुठून आणि कशी घ्यावीत?

तू लिहिलंयस की वय १९, डिप्लोमाला आहेस, हाताशी साधारण १० हजार रुपये आहेत, आणि ऐरण-हातोडे जुने घ्यावेत की नवे मागवावेत हे ठरत नाहीये. माझ्यापेक्षा बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो. जुनंच घे. पण पहिल्या दोन फेऱ्यांत काहीही विकत घेऊ नकोस. जुनं हत्यार पारखता येणं हाच लोहारकामाचा पहिला धडा आहे. तो चुकवून मी पुढे गेलो आणि त्याचे पैसे मोजले.

सात वर्षांपूर्वी मी एका दुकानातून २५ किलोची ऐरण ४,८०० रुपयांना घेतली. नवा करडा रंग, सुबक शिंग (ऐरणीचं निमुळतं टोक), चौरस कडा. तिसऱ्या रविवारी पहार ताणत असताना कडेवर घाव बसला आणि बिस्किटाएवढा तुकडा उडून माझ्या नडगीवर आला. तुटलेल्या जागी बघितलं तर आत राखाडी, रवाळ. ऐरण बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची होती. बीड ठिसूळ असतं, घाव सोसत नाही. रंगाखाली ते दिसलं नाही, कारण कसं बघायचं हेच मला ठाऊक नव्हतं.

ते नंतर शिकवलं सासवडकडच्या एका लोहारमामांनी. त्यांनी माझी तुटकी ऐरण आणि स्वतःची, दोन्हींवर लहान हातोडी टाकली. माझी 'ठक्' म्हणून गप्प झाली. त्यांची वाजली आणि आवाज शेडमध्ये थोडा वेळ रेंगाळला. मग खिशातून बेअरिंगची गोळी काढून वीतभर उंचीवरून सोडली. त्यांच्या ऐरणीवरून ती जवळजवळ हातापर्यंत परत आली, माझ्यावर जेमतेम दोन बोटं उडाली. तेव्हापासून बाजारात जाताना माझ्या खिशात तीन गोष्टी असतात: बोराएवढी बेअरिंगची गोळी, एक बारीक कानस आणि चुंबक.

गोळी १० इंचांवरून सोड. ७-८ इंच उसळली तर ऐरणीचा माथा चांगला, पाणी दिलेला (तापवून, बुडवून कडक केलेला). २-३ इंचांतच बसली तर कितीही देखणी असो, सोडून दे. एकाच जागी बघू नकोस. मध्ये, दोन्ही कडांना, शिंगाजवळ बघ. कुणी वेल्डिंगनं डागडुजी केली असेल तर तिथे उडी एकदम बदलते. नुसत्या आवाजावर विसंबू नकोस, कारण काही भारी ऐरणी मुळातच कमी वाजतात. शेवटचा शब्द गोळीचा. कडा थोड्या उडालेल्या असल्या किंवा माथा किंचित खोलगट झाला असला तरी चालतं.

कानस हातोड्यासाठी. हातोड्याच्या तोंडावर हलकेच फिरव. नुसती घसरली तर तोंड कडक आहे, सहज खाल्लं तर मऊ. छिन्न्या-सुंभ्यांचं (सुंभा म्हणजे भोक पाडायचा पंच) डोकं फुलासारखं उमललेलं असेल तर वापरण्याआधी ग्राइंडरवर साफ कर. त्या पाकळ्या घावासरशी उडतात आणि डोळ्यात जातात.

बाजार म्हणशील तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा, चांगला माल आधी उचलला जातो. तिथे हातोडे, छिन्न्या, जुन्या कानशी, कधीमधी सांडशा मिळतात. (स्वयंपाकघरातली सांडशी आणि लोहाराची सांडशी या सख्ख्या बहिणी, फक्त लोहाराच्या सांडशीचे पाय लांब.) सांडशीच्या रिबिटाला हलवून बघ. थोडा खेळ असला तरी रिबीट ठोकून घट्ट करता येतं, पण जबडे वाकडे जुळत असतील तर तापलेलं लोखंड निसटेल. चपट्या जबड्याच्या दोनच घे, पुढच्या स्वतः घडव. हातोडा एक किलोच्या आतला, एका बाजूला चोच असलेला. दोन किलोचा उचलशील तर महिन्याभरात कोपर धरेल. दांडा जुना ठेवू नकोस. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत नवा मिळतो, किंवा बाभळीचा करून घे आणि पाचर नीट बसव. कानशी, रिबिटं, तारेचा ब्रश हेही बोहरी आळीतच घे.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून घ्यायचा का, हे तुझ्या डोक्यात असणारच. रूळ उत्तम चालतो, आणि उभा केला तर आडव्यापेक्षा जास्त वजन घावाखाली येतं. पण रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं १९६६च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे भंगारवाला रीतसर पावती देत नसेल तर हात लावू नकोस. माझं म्हणणं, त्यापेक्षा भोसरीच्या भंगारात जाड शाफ्टचा (यंत्रातल्या फिरत्या पोलादी दांड्याचा) तुकडा शोध. ४ इंच जाडीचा, १० इंच लांबीचा तुकडा साधारण १६ किलो भरतो आणि किलोच्या भावानं मिळतो. तो ओंडक्यात उभा गाड. गोळी बिडापेक्षा कितीतरी बरी उडते आणि तुझ्या पहिल्या दोन वर्षांचं सगळं काम त्यावर होतं. माझ्याकडे आता चांगली ऐरण आहे, तरी खुरप्यांची कामं मी अजून शाफ्टवरच करतो. उंची अशी ठेव की सरळ उभं राहून हात सोडला की मूठ माथ्याला टेकावी.

भट्टीला पैसे घालू नकोस. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून पाइप आणि हातानं फिरवायचा पंखा, एवढं पुरतं. सुरुवात लोणारी, म्हणजे लाकडाच्या कोळशावर कर. दगडी कोळसा जास्त तापतो, पण धूर फार, आणि आग कशी राखायची हे कळल्याशिवाय लोखंड जळतं. पाइप मात्र जस्ताचा मुलामा नसलेला हवा. तापलं की जस्ताची वाफ होते आणि ती छातीत गेली की थंडी वाजून ताप भरतो. नायलॉनचे कपडे घालून भट्टीपाशी जाऊ नकोस, डोळे झाकणाऱ्या सुरक्षा-चष्म्याशिवाय हातोडा उचलू नकोस. आणि सोसायटीच्या गॅलरीत हे होत नाही. मी किरकटवाडीला आत्याच्या शेडमध्ये करतो. तुझ्या ओळखीत कुणाचं शेत, गोठा, गॅरेज असेल तर आधी ते विचार.

आता शिकणं. व्हिडिओ बघ, पण एखाद्या लोहाराच्या दुकानी जाऊन बस. पावसाआधी, मे-जूनमध्ये, शेतकरी खुरपी, कुदळी, पहारी पाजवायला आणतात, तेव्हा तिथे गर्दी असते आणि भाता चालवायला माणूस हवा असतो. तू शिकायला आलायस हे सरळ सांग आणि पडेल ते काम कर. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारी घिसाडी मंडळी दिसली तर थांब. नवरा सांडशीनं लोखंड धरतो आणि बायको घण घालते. त्याचा लहान हातोडा जिथे टेकतो तिथेच पुढच्या क्षणी घण पडतो, तोंडानं एक शब्द नाही. हातोडा ऐरणीवर आडवा टेकवला की घण थांबतो. मी एका मावशींना विचारलं, दमत नाही का? त्या म्हणाल्या, "घण उचलायचा असतो, खाली तो आपला आपण येतो." मी तोवर घण खाली ढकलत होतो. त्यांचा वेळ घेतलास तर त्यांच्याकडून काहीतरी विकत घे, नुसते फोटो काढून निघू नकोस.

कसबा पेठेतली तांबट आळीही बघ. धातू वेगळा आहे, तांबं-पितळ. पण मठारकाम (भांड्यावर ठोके घालून घडाई) करणाऱ्यांचे ठोके ऐक: प्रत्येक ठोका आधीच्याला थोडा झाकतो, आणि भांडं हाताखाली सारखं फिरत असतं. लोखंड सपाट करताना नेमकं हेच हवं असतं.

पहिलं काम म्हणून चाकू घेऊ नकोस. सळईचे दहा आकडे (हुक) कर, मग सांडशी, मग ट्रकच्या कमानपाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) खुरपं. पाणी देताना चुंबक कामाला येतं. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याच्या थोडं वर तापवून कमानपाट्याचा तुकडा कोमट तेलात बुडव, पाण्यात नाही. पाण्यात तडा जातो, आणि तो तडा 'टिक्' असा ऐकू येतो. ऐकला की पोटात खड्डा पडतो, माझे तीन तुकडे असे गेलेत. बुडवल्यावर धार काचेसारखी ठिसूळ असते. ती घासून चकचकीत कर आणि मंद आचेवर धर: आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा असे रंग सरकत येतात. चाकूला सोनेरीवर थांब, खुरप्याला जांभळ्यापर्यंत जाऊ दे.

कोयता मात्र करू नकोस. शेतीचं साधं हत्यार आहे हे मला मान्य, पण पुण्यात गेल्या काही वर्षांत 'कोयता गँग'मुळे त्या नावाचं काय झालंय ते तू वाचतोसच. १९ वर्षांच्या मुलाच्या सॅकमध्ये नवा कोयता सापडला तर हौस समजावून सांगायला पोलीस चौकी ही जागा नाही. खुरपी, विळ्या, आकडे, कड्या यांत शिकण्यासारखं भरपूर आहे.

तुझ्या १० हजारांतले ५ पहिल्या वर्षी खर्चूच नकोस. ऐरण किंवा शाफ्ट पसंत पडला की पैसे देण्याआधी गोळी सोडून, बाजूला पट्टी धरून व्हिडिओ काढ आणि इथे टाक. उडी बघून मी सांगतो.