उद्याचा रिटर्न पिकअप आधी कॅन्सल करा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि दोन वर्षांपूर्वीचा आमचा सगळा घोळ आठवला. ऑनलाइन मागवलेला पाणी तापवायचा रॉड, हॉस्टेलवर लेकीने बादलीत हात घातला तर झिणझिण्या, आणि सेलर म्हणतोय रिटर्न टाका, उद्या माणूस येतोय. तो पिकअप आत्ता कॅन्सल करा, बाकीचं नंतर वाचा.

मी नेमकी तिथेच माती खाल्ली. आमच्या आईला शॉक बसला, थोडक्यात निभावलं. वायरमनने मल्टिमीटर लावला तर प्लगच्या जाड पिनेपासून रॉडच्या नळीपर्यंत बीपच नाही, म्हणजे तिसरी पिन नुसती शोभेची, अर्थिंगची वायर आत जोडलेलीच नाही. मी संतापात त्याच दिवशी रिटर्न टाकला. ६४९ रुपये तीन दिवसांत आले आणि पुरावा गेला. आठवड्याने लिंक उघडली तर पेजच गायब. मग एका सरकारी ऑफिसात (नाव घेत नाही) गेलो तर साहेब म्हणे वस्तू दाखवा. वस्तू कुठून आणू? मोबाइलमधला फोटो दाखवला, त्यात आयएसआय मार्काचा नंबर अंगठ्याखाली झाकलेला. "पैसे मिळाले ना, मग तक्रार कशाची?" तीन चकरा, दोन हाफ डे, आणि शेवटी ज्या खिडकीवर पाठवलं ती दुपारी बंद. असो, आठवलं की अजून डोकं फिरतं.

तर रॉड, खोका, बिल सगळं कपाटात ठेवा, प्लग स्वतः उघडू नका, नाहीतर तुम्हीच छेडछाड केली म्हणतील. पेजचे, सेलरच्या नाव-पत्त्याचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट आजच. रॉडला आयएसआय सक्तीचं आहे, मार्काच्या वर आयएस ३६८ आणि खाली सीएम/एल नंबर (म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर) हवा. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये (आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं अ‍ॅप) टाका आणि कंपनीचं नाव जुळतं का तेही बघा, कारण दुसऱ्याचाच नंबर छापणारे महाभाग आहेत. मग १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार, आणि साइटच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला, मेल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. "आम्ही फक्त मध्यस्थ" हे पालुपद ऐकायची तयारी ठेवा. पुढे ग्राहक आयोगात जायचं तर तुमच्या जिल्ह्यातच जाता येतं, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मी वकील नाही, इलेक्ट्रिशियनही नाही, ठेच लागलेला माणूस आहे, एकदा जाणकाराला विचाराच.

माझं मत विचाराल तर पाण्यात बुडवायची वस्तू ऑनलाइन घेऊच नये, शंभर रुपये जास्त गेले तरी ओळखीच्या दुकानातून घ्यावी. तिथेही डुप्लिकेट मिळतं म्हणा, पण भांडायला समोर माणूस तरी असतो. अजून एक, रॉड १५०० वॅटचा असेल तर करंट साडेसहा अँपिअरच्या आसपास, तो ६ अँपिअरच्या बारीक पिनेच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावायचाच नाही. आणि हॉस्टेलच्या सॉकेटलाच अर्थिंग नसेल तर चांगला रॉडही झटका देऊ शकतो, तेव्हा वॉर्डनना सॉकेट तपासायला लावा, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही विचारा.

मार्काचा क्लोजअप इथे टाका, अंगठा बाजूला ठेवून. नंबर मीही चेक करतो.