टीममधली सगळ्यात हळू मीच, तरी शर्यतीला जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई भुसावळच्या, वय ३४, रोज सकाळी पंचवीसेक किलोमीटर सायकल मारतात. त्यांच्या ग्रुपमधल्या चौघी चोपडा-यावल रस्त्यावरच्या दोन दिवसांच्या हौशी महिला शर्यतीला निघाल्यात आणि यांनाही चल म्हणताहेत. शनिवारी टाइम ट्रायल, रविवारी रोड रेस. यांची शंका: "सगळ्यात हळू मीच. त्यांच्या गळ्यातली धोंड तर होणार नाही ना? आणि मी तिथे करायचं तरी काय?"

बिनधास्त जा. मी जळगावच्या एका टीमकडून अशा शर्यतींना जाते, म्हणून सांगते.

शनिवारचं फार मनावर घेऊ नका. टाइम ट्रायलला एकेकीला ठरावीक अंतराने सोडतात आणि जी ती आपल्या घड्याळाशी भांडते. दुसरीच्या मागे लपून वारा चुकवायला बंदी असते. आंतरराष्ट्रीय नियमात तर ओलांडताना बाजूला २ मीटर आणि ओलांडल्यावर मागचीने २५ मीटर अंतर ठेवायचं असं लिहिलेलं आहे. हौशी शर्यतीत टेप कुणी लावत नाही, पण मोटारसायकलवरून पंच बघत असतात. तुमच्या वेळेने टीमचं काहीच बिघडत नाही. पहिल्या पाच मिनिटांत सगळा जीव ओतू नका, बस्स.

खरा प्रश्न रविवारचा. रोड रेसमध्ये सगळ्या एकदम सुटतात, जी आधी पोहोचली ती जिंकली, आणि तिथे मागे लपायला पूर्ण परवानगी. सपाट रस्त्यावर वेग तिशीच्या आसपास गेला की ताकदीचा मोठा वाटा हवा कापण्यातच जातो. पुढचीच्या चाकामागे नीट चिकटून राहिलं तर त्यातला पाव ते एक तृतीयांश भार वाचतो. म्हणजे पुढे कुणीतरी वारा खायचा आणि मागच्यांनी दम राखायचा. तो वारा खाणारी जी असते ना, ती तुम्ही. टीममधल्या सगळ्यात दमदार बाईला या कामाला लावणं हा चक्क तोटा आहे, तिची शेवटच्या किलोमीटरला गरज असते.

तुम्ही म्हणाल, मला तो वेग झेपायला तर हवा. झेपतो. हौशी बायकांच्या शर्यतीत सुरुवातीला कुणालाच पुढे जायचं नसतं. सगळ्या एकमेकींकडे बघत बसतात आणि वेग तुमच्या रोजच्या सकाळच्या फेरीएवढाच राहतो. तेव्हा पुढे जाऊन एकसारखं पेडल मारत राहायचं. झटके द्यायचे नाहीत. तुमच्या चौघी मागे आरामात बसतील. खूप नंतर घोळका पळायला लागेल तेव्हा तुम्ही मागे पडलात तरी हरकत नाही, काम झालेलं असतं.

"तुमच्याकडे घाट नाही, रस्ता सोपा," असं पुण्याकडच्या बायका येताना हमखास म्हणतात. म्हणू द्या. आपला घाट म्हणजे वारा. चोपड्याहून अडावद, किनगाव, साकळीवरून यावलकडे निघालात की सातपुडा सतत डाव्या हाताला. थंडीत वारा बहुतेक त्याच बाजूने येतो, ऊन चढलं की जास्तच. पण तो सगळीकडे सारखा लागत नाही. केळीच्या बागांभोवती शेवरी नाहीतर गजराज गवताचं कुंपण असतं. शेतकऱ्याने ते केळीसाठी लावलेलं, फायदा मात्र सायकलवालीलाही होतो. बाग संपून हरभरा किंवा कापूस सुरू झाला की वारा अंगावर येतो. त्या जागा आदल्या दिवशी गाडीतून हेरून ठेवा. शर्यत तिथेच फुटते.

कशी फुटते ते एकदा अगदी जवळून पाहिलं. आमच्यातली एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, टीममध्ये सगळ्यात हळू तीच. परतीच्या वाटेवर आम्ही पश्चिमेला तोंड करून चाललेलो, म्हणजे वारा आता उजवीकडून. शर्यतीला रस्त्याची डावी बाजूच दिलेली, मधली रेघ ओलांडली की बाद. बाग संपायच्या जरा आधी बाई पुढे आल्या आणि थेट मधल्या रेघेला लागून चालवायला लागल्या. आम्ही तिघी त्यांच्या मागे तिरक्या, प्रत्येक जण पुढचीच्या थोडी डावीकडे, शेवटचीचं चाक डांबराच्या कडेवर. चौघींत रस्ता भरला. पाचवीला आडोसा हवा तर कच्च्या रस्त्यावर उतरावं लागलं असतं. मागे सगळ्या कडेला एका रांगेत अडकल्या, प्रत्येकीला स्वतःचा वारा स्वतःच खावा लागला. दोन-तीन किलोमीटरमध्ये घोळक्याचे तुकडे झाले. बाई हाताने "जा" अशी खूण करून बाजूला झाल्या आणि मागच्या गाडीच्या सोबतीने चिक्की खात निवांत आल्या. आमची एक जण दुसरी आली. निकालाच्या कागदावर बाईंचं नाव पार तळाला, पण त्या दिवशी शर्यत चालवली त्यांनी. हा तिरका डाव घरी सराव केल्याशिवाय करू नका मात्र. पुढचीच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक घासलं तर पडणार मागचीच. रोजच्या फेरीत दोघी-दोघींनी हातभर अंतरावर चालवायची सवय करा, नवी महाग सायकल घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

कुणीतरी नक्की म्हणेल, टोकियोत ती ऑस्ट्रियाची आना किझेनहोफर एकटीच होती ना! होती. २०२१ मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकची महिला रोड रेस तिने जिंकली. गणितात पीएचडी, कुठल्याच व्यावसायिक संघाशी करार नाही, सुरुवातीलाच पळालेल्या टोळीत गेली आणि शेवटचा मोठा टप्पा एकटीने ओढला. पण दुसरी बाजूही बघा. नेदरलँड्सच्या चार नावाजलेल्या बायका मागे होत्या, आणि पुढे अजून एक आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो. आनेमिक फान फ्लॉयटन तर दुसरी येऊन आपणच जिंकलो म्हणून हात उंचावून मोकळी झाली. म्हणून बोलत राहा. पुढे कितीजणी गेल्या, कुणाला गोळा आलाय, ओरडून सांगा. आम्ही अहिराणीत ओरडतो. "मांगे कोनी नही!" म्हटलं की आम्हाला कळतं, पुणेकरणी बघत राहतात. (मालेगाव-सटाण्याची कुणी असेल तर ही युक्ती चालत नाही.)

आता बाकीचं. सायकल आहे तीच चालेल, ब्रेक आणि टायर तेवढे दाखवून घ्या. पॅडवाली शॉर्ट आतल्या कपड्याशिवाय घालायची, नाहीतर शिवण टोचते. खांद्यावरून पट्टे जाणारी बिब शॉर्ट चांगली, पण लघवीला जाताना वरची जर्सी काढावी लागते, आणि सुरुवातीच्या जागी बायकांची सोय कशी असेल ते विचारूच नका. साधी शॉर्ट बरी. पाळी येणार असेल तर टीममध्ये मोकळेपणी सांगा, कप वापरायचा असेल तर आधी घरच्या फेऱ्यांत सवय करा. शर्यतीच्या दिवशी नवं काहीच नको.

खाण्याचं म्हणजे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, आणि केळ्यांच्या गावात केळ्याची काय चिंता! फक्त भूक लागायच्या आधी खा. शनिवारी रात्री मात्र कुणी आग्रहाने झणझणीत शेवभाजी वाढली तरी हात आखडता घ्या. भरीत-भाकरी रविवारी दुपारी.

निघण्याआधी चौघींना एकच विचारा: आपण कुणासाठी चालवणार? बऱ्याच टीम हे बोलतच नाहीत आणि शेवटच्या वळणावर आपल्याच बाईच्या मागे आपलीच बाई धावते. नाव ठरलं की तुमचं कामही ठरतं. सायकली पिकअपमध्ये नेणार असाल तर मध्ये गोधड्या घाला. आणि नंबर लावायच्या सेफ्टी पिना घरूनच न्या, तिथे त्या कायम कमी पडतात.