घडी घालणाऱ्यांना भेट काय द्यावी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न (म्हापसा): माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला ओरिगामीचा, म्हणजे कागदाला घड्या घालून आकृत्या करण्याचा, नाद लागला आहे. चवथीला तो आमच्याकडे येणार आहे. कागदी क्रौंचाचे चित्र असलेला टी-शर्ट आणि तसाच चहाचा मग मी पाहून ठेवला आहे. पाचशे रुपयांच्या आत याहून चांगले काही सुचवाल का?

उत्तर: त्याला कागदच द्या. चित्राचा चहाचा मग कपाटात जाईल. चांगल्या कागदाचा गठ्ठा मात्र पाहुणा घरी परतायच्या आतच फुटलेला असेल. ओरिगामीचा नेहमीचा कागद 15 सेंमी चौरस, एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरा आणि झेरॉक्सच्या कागदापेक्षा हलका असतो. शाळेच्या हस्तकलेतला घोटीव कागद दिसायला तसाच असला तरी त्याचा चौकोन पुष्कळदा मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकलेला असतो, आणि ही एवढीशी चूक घडीगणिक वाढत जाऊन शेवटी क्रौंचाची चोच वाकडी होते. मग मूल स्वतःच्या हाताला दोष देते, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून दुकानातच एक कागद कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडून पाहावा. कडा तंतोतंत जुळल्या तरच गठ्ठा घ्यावा. सोबत घडी दाबण्यासाठी बांबूची गुळगुळीत घासलेली पट्टी द्यावी. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी कागदाच्या खेळण्यांची पुस्तके आपल्या संकेतस्थळावर मराठीतही मोफत उपलब्ध करून दिली आहेत. त्यांतली काही पाने छापून, शिवून दिली तर भेट पूर्ण होईल.

प्रश्न (फोंडा): माझे यजमान किडे, खेकडे अशा अवघड आकृत्या करतात. पावसाळ्यात त्यांचा कागद मऊ पडतो आणि ते चिडचिड करतात. त्यांच्या वाढदिवसासाठी काही उपयोगी वस्तू आहे का?

उत्तर: आपल्याकडे जुलै महिन्यात रात्री केलेल्या क्रौंचाचे पंख सकाळी खाली आलेले मी अनेकदा पाहिले आहेत, त्यामुळे यजमानांची तक्रार मला मनापासून पटते. कागद हवेतला दमटपणा शोषून घेतो आणि त्याचे तंतू लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात. कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने आडवे झालेले असल्यामुळे तो एका बाजूने जास्त वाढतो, आणि बिनचूक कापलेला चौकोनही चौकोन राहत नाही. यावर उत्तम भेट म्हणजे घट्ट झाकणाचा, मोठ्या आकाराचा पत्र्याचा डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या. ओल भरली की रंग बदलणारे दाणे घ्यावेत, म्हणजे ते कधी वाळवायचे ते कळते. डब्यामुळे कसरही दूर राहते.

त्यांचा हात खरोखरच तयार असेल, तर दुसरी भेट म्हणजे जाड हातकागदाचे काही ताव. जपानचे अकिरा योशिझावा (1911–2005) यांनी कागद किंचित ओलसर करून घडी घालण्याची रीत रूढ केली. ओलाव्याने कागद बनवताना त्यात घातलेली खळ सैल होते, कागद मातीसारखा वळतो, आणि वाळल्यावर ती खळ पुन्हा घट्ट होऊन आकार कायम राहतो. खेकड्याच्या पाठीचा फुगीरपणा धारदार घडीने येत नाही, तो या रीतीने येतो. मात्र पावसाळ्यात असे काम लवकर वाळत नाही. ते पंख्याखाली ठेवावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी नांग्या पसरलेल्या दिसतील. नाजूक पायांच्या किड्यांसाठी हा जाड कागद चालणार नाही. त्यांना पातळ आणि चिवट कागद लागतो, आणि तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला जपानी वाशी कागद त्यासाठी नावाजलेला आहे. तो महाग असतो, पण दोनच ताव दिले तरी त्यांना आनंद होईल.

प्रश्न (साखळी): पुतणीच्या लग्नात पाचशेच्या नोटेचा सदरा करून आहेर द्यावा असे मनात आहे. तो कसा करावा?

उत्तर: हा बेत सोडावा अशी माझी विनंती आहे. नोटांचे हार व सजावट करू नये असे रिझर्व्ह बँकेचे आवाहन आहे, आणि दहा ठिकाणी दुमडलेली नोट नवरीला शेवटी उलगडावीच लागते. त्यापेक्षा नोट सपाट राहू द्यावी आणि पाकीट घडीचे करावे. ए-फोर आकाराचा सुरेख कागद उभा धरून आडव्या तीन घड्या घातल्या की सुमारे 74 मिमी रुंदीचे चार सारखे पट्टे पडतात. पाचशेची नोट 150 मिमी लांब आणि 66 मिमी रुंद असते, म्हणजे ती एका पट्ट्यात नेमकी मावते. कागद उलगडून मधल्या एका पट्ट्यावर नोट ठेवावी आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंमी कागद आत मुडपावा. नोटेची दोन्ही टोके मुडपीखाली अडकतात आणि ती घसरत नाही. मग पट्टे एकावर एक मिटवून वर रेशमी दोरा बांधावा आणि त्यात अबोलीची फुले खोवावीत. डिंकाचा थेंबही लागत नाही.

प्रश्न (मडगाव): आमच्या बाई निवृत्त होत आहेत. आम्ही पंचवीस माजी विद्यार्थी त्यांना हजार क्रौंच देणार आहोत. पण ही प्रथा एका मुलीच्या मृत्यूशी जोडलेली आहे असे ऐकले. ते अशुभ ठरेल का?

उत्तर: मुळीच नाही. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली सादाको सासाकी पुढे रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडली, बरे होण्याच्या आशेने क्रौंच करीत राहिली आणि 1955 मध्ये गेली. 1958 मध्ये उभारलेल्या हिरोशिमातील स्मारकावर क्रौंच उंच धरलेली मुलगी आहे. परंतु हजार क्रौंचांची प्रथा तिच्याहून जुनी आहे आणि तिचा अर्थ दीर्घायुष्याची व आरोग्याची इच्छा असाच आहे. बाईंना याहून चांगले काय द्याल?

तुमची संख्याही सोयीची आहे, कारण हे क्रौंच बहुधा चाळीस-चाळीसच्या पंचवीस माळांत ओवतात. प्रत्येकाने एक माळ करावी. एका क्रौंचाला तीन मिनिटे धरली तर चाळिसांना दोन तास लागतात. 15 सेंमीच्या कागदाचे चार तुकडे केल्यास एकूण अडीचशे कागद पुरतील. माळेच्या तळाशी मणी बांधायला विसरू नये, नाहीतर क्रौंच एकामागून एक निसटतील.

प्रश्न (पेडणे): घडीकाम करणाऱ्या मैत्रिणीला दिवाळीत हाताने केलेला आकाशकंदील द्यायचा आहे. मी स्वतः नवखी आहे.

उत्तर: जपानचे मित्सुनोबू सोनोबे यांच्या नावाने ओळखला जाणारा तुकडा, म्हणजे चौकोनी कागद दुमडून केलेला, दुसऱ्या तशाच तुकड्यांत अडकवता येणारा भाग, शिकून घ्या. तो एकच तुकडा सोपा आहे. असे सहा जोडले की घन होतो आणि तीस जोडले की जवळजवळ वीतभर व्यासाचा, टोकदार गोळा होतो. ट्रेसिंग पेपर वापरलात तर प्रत्येक घडीवर पांढरी रेघ उमटते आणि आतून उजेड आला की ती रेघ स्पष्ट दिसते. शेवटचे दोन-तीन तुकडे बसवण्याआधी आत लहान एलईडी दिवा सोडावा, पणती किंवा जुना तापणारा बल्ब कदापि नको. आणि कंदील पडवीत, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी टांगायला मैत्रिणीला सांगा.