वक्री, वक्रदृष्टी आणि एक हट्टी ‘ख’

प्रश्न असा आला आहे : ‘टीव्हीवरचे ज्योतिषी कधी “शनीची वक्री दृष्टी” म्हणतात, कधी “शनी वक्र झाला”, कधी “बुधाची वक्री सुरू”. यातलं बरोबर कोणतं? वक्री म्हणजे वाकड्या नजरेचा का? आणि ग्रह वक्री झाल्यामुळे घरात खडाष्टक होतं म्हणतात, ते कसं?’

तिन्हींतलं एकही बरोबर नाही. हे ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून उत्तर जरा तिखट होईल.

वक्री हे विशेषण आहे. ज्याची गती वक्र, तो वक्री. ग्रह वक्री होतो. नजर वक्री होत नाही आणि कुणाची ‘वक्री’ सुरूही होत नाही. ‘बुधाची वक्री सुरू’ म्हणजे ‘दादाची आजारी सुरू’ म्हटल्यासारखं झालं. ‘शनी वक्र झाला’ याची तर आणखी गंमत. वराहमिहिराने बृहज्जातक या आपल्या ज्योतिषग्रंथात ग्रहांची पर्यायी नावं दिली आहेत, त्यात ‘वक्र’ हे मंगळाचं नाव आहे. म्हणजे शनी वक्र झाला याचा शब्दशः अर्थ शनीचा मंगळ झाला. त्याच यादीत मंगळाचं आणखी एक नाव ‘क्रूरदृक्’ असं आहे. तेव्हा वाईट नजरेचा मान ग्रंथांनुसार मंगळाकडे जातो. शनीचं नाव ‘मंद’. शनैश्चर म्हणजेही हळूहळू चालणारा, बस. पुराणातला शनी तर मान खाली घालूनच उभा असतो, कारण त्याने वर पाहिलं की अनर्थ होतो. ब्रह्मवैवर्त पुराणात पार्वतीच्या आग्रहाने त्याने बाळ गणपतीकडे एकदा पाहिलं आणि डोकं उडालं. त्यात वाकडं काहीच नव्हतं, सरळ पाहिलं होतं. वक्र झालं ते पुढे बसवलेलं तोंड, आणि त्या वक्रतुंडाला आपण रोज हात जोडतो.

वक्री होणं म्हणजे काय, हे शाळेत शिकवतात, तरी दोन ओळी. पृथ्वी आतल्या कक्षेतून शनीला मागे टाकते तेव्हा तो तारकांच्या पार्श्वभूमीवर उलटा सरकल्यासारखा दिसतो, जशी ओलांडलेली बस खिडकीतून मागे जाताना दिसते. शनी दरवर्षी साधारण साडेचार महिने वक्री असतो. याचा अर्थ तुमच्या वर्गात साठ मुलं असतील, तर त्यांतल्या वीसेक जणांच्या पत्रिकेत शनी वक्री निघायला हरकत नाही. बुध वर्षातून तीनदा, क्वचित चारदा, दर खेपेला तीनेक आठवडे. रवी-चंद्र कधीच वक्री होत नाहीत, राहू-केतू सदाच वक्री. आणि ज्याला लोक इतकं भितात त्या वक्री ग्रहाला जुनं ज्योतिष दुबळं समजत नाही. षड्बल म्हणजे ग्रहाची ताकद मोजायचे सहा प्रकार; त्यांत गतीवरून जे चेष्टाबल म्हणून मोजतात, ते वक्री ग्रहाला पुरेपूर, साठांपैकी साठ. ऑफिसात प्रिंटर बंद पडला की ‘मर्क्युरी रेट्रोग्रेड चालू आहे ना’ म्हणणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं. तो त्यांचा मर्क्युरी आहे, आपला बुध नव्हे.

वक्रीच्या उलट मार्गी. ‘काम मार्गी लागलं’ यातला मार्गी तोच का, असं कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो : मीही दहा वर्षं हे मोठ्या उत्साहाने सांगत फिरलो. आता सांगत नाही. मार्गाला लागणं इतकं साधं आहे की त्यासाठी आकाशात जायचं कारण नाही.

दृष्टीचा वक्री होण्याशी संबंध नाही. दृष्टी ही जागेवरून ठरते. ग्रह ज्या घरात बसला ते घर एक धरून मोजायचं; सातव्या घरावर सगळ्यांची पूर्ण नजर. त्याशिवाय मंगळाची चौथ्या-आठव्यावर, गुरूची पाचव्या-नवव्यावर, शनीची तिसऱ्या-दहाव्यावर. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण वराहमिहिर इतर ग्रहांनाही तिथे अर्धीमुर्धी नजर देतो : तिसऱ्या-दहाव्यावर पाव, पाचव्या-नवव्यावर अर्धी, चौथ्या-आठव्यावर पाऊण. दुसरं, सहावं, अकरावं, बारावं ही घरं कुणालाच दिसत नाहीत. हा पाव-अर्धा-पाऊणचा हिशेब लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आता तुमच्या प्रश्नातला खरा दाणा. तो तुम्ही शेवटी, जाता जाता टाकलात : खडाष्टक.

हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो पंचांगातून पळून आलाय हे विसरलो. सासू-सुनेचं खडाष्टक, महापौर आणि आयुक्तांचं खडाष्टक. मूळ शब्द षडष्टक, सहा-आठ. दोन राशी अशा की एकीपासून मोजली तर दुसरी सहावी आणि दुसरीपासून मोजली तर पहिली आठवी. अशा सगळ्या जोड्यांची बेरीज चौदाच येते : दोन-बारा, तीन-अकरा, चार-दहा, पाच-नऊ, सहा-आठ, सात-सात. यांतल्या पाच-नऊच्या नवपंचमाला आणि सात-सातच्या समसप्तकाला बोलीभाषेत कुणी घेतलं नाही. भांडणाचं तेवढं उचललं. मराठी माणूस!

याच कारणासाठी ‘युतीत खडाष्टक’ हा मथळा दिसला की माझं डोकं फिरतं. युती म्हणजे दोन ग्रह एका राशीत, खांद्याला खांदा लावून. षडष्टक म्हणजे जवळजवळ समोरासमोर, पण नेमके एक घर चुकलेले. एकाच राशीत बसून षडष्टक करता येत नाही. राजकारणात येत असेल तर तो राजकारणाचा विषय, माझा नव्हे. दुसरा घोळ छत्तीसच्या आकड्याचा. ‘त्यांचं खडाष्टक म्हणजे छत्तीसचा आकडा’ असं एका दमात सांगतात. छत्तीसचा आकडा हे अंकांचं चित्र आहे, ३ आणि ६ पाठीला पाठ लावून बसलेत म्हणून. ग्रहांशी त्याचं नातं शून्य. उलट पत्रिका जुळवताना छत्तीस गुण म्हणजे पैकीच्या पैकी, आणि षडष्टक निघालं तर त्यातले राशिकूटाचे, म्हणजे राशी जुळण्याचे, सात गुण जातात.

आता तो ‘ख’. षडष्टकाचं खडाष्टक झालं कसं?

‘अपभ्रंश’ असं म्हणून लोक मोकळे होतात. अपभ्रंश हे उत्तर नव्हे, ती उत्तराची टाळाटाळ आहे. ष चा ख झाला हे दिसतंच आहे. पाषंडाचा पाखंड झाला, विषातून विखार आला, हर्षातून हरखणं आलं. (राखणं, पारख ही उदाहरणं कृपया पाठवू नका, ती क्ष ची आहेत, त्यांची वाट निराळी.) पण मग मला सांगा, षडष्टकात दोन ष आहेत. पहिल्याचा ख झाला, दुसरा ‘ष्ट’मध्ये जसाच्या तसा राहिला. खडाख्टक का झालं नाही?

याचं उत्तर मला व्याकरणाच्या पुस्तकात मिळालं नाही, आजोबांच्या तोंडून मिळालं. आमचं घर शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं. आजोबा पूजेला बसले की पुरुषसूक्त म्हणत, आणि ते असं म्हणत : ‘सहस्रशीर्खा पुरुखः’. मी सात-आठ वर्षांचा. मला वाटायचं, कवळी नीट बसत नाही. पुढे कळलं की कवळीचा दोष नाही, हा त्या शाखेचा नियमच आहे : ष चा उच्चार ख करावा, मात्र ट-वर्गातलं अक्षर त्याला जोडलेलं असेल तर करू नये. त्या वेदाचा पहिलाच मंत्र घ्या. ‘इषे त्वा’ हे ‘इखे त्वा’ होतं, आणि त्याच मंत्रात पुढे येणारा ‘श्रेष्ठतमाय’ श्रेष्ठच राहतो, कारण तिथे ठ आहे. आता हा नियम षडष्टकाला लावा. पहिला ष मोकळा, त्याचा ख. दुसऱ्याला ट चिकटलेला, तो शाबूत. खडष्टक! हे ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी मी आनंदाने हरखलो, आणि हरखलो यातही तोच ख आहे हे लक्षात येऊन पुन्हा हरखलो.

तेव्हा माझं म्हणणं असं की हा शब्द माध्यंदिन जोशीबुवांच्या तोंडून घराघरात गेला. पत्रिका कोण पाहत होतं? जोशी. ‘जमत नाही, खडष्टक आहे’ हे ओसरीवर बसून कोण सांगत होतं? जोशी. माजघरातल्या बायकांनी ते कानांनी ऐकलं, पोथीत वाचलं नाही.

यावर एका विद्वान मित्राने टोला हाणला की उत्तरेतही लोक भाषेला भाखा म्हणतात आणि कष्टाला कुणी कख्ट म्हणत नाही. म्हणजे ट पुढचा ष सगळीकडेच टिकतो, त्यासाठी तुझ्या आजोबांची गरज नाही. टोला बसला, कबूल. पण शब्द हवेतून येत नाहीत, कुणाच्या तरी तोंडून येतात, आणि हा शब्द ज्या धंद्याचा आहे त्या धंद्यातलं तोंड मी दाखवतो आहे. मित्राने दुसरं तोंड दाखवावं.

राहिला ‘डा’. संधी केला तर षट् अधिक अष्टक म्हणजे षडष्टक, ड ऱ्हस्व. मग पंचांगांतसुद्धा ‘षडाष्टक’ का छापतात? निवृत्त संस्कृत प्राध्यापक असलेल्या एका गृहस्थांनी मला खडसावलं की तो मूळ ‘षष्ठाष्टक’ आहे, षष्ठ अधिक अष्टक, तिथे आ नियमाने येतो. येतो ना. पण मग ठ कुठे गेला आणि ड कुठून आला? एक काना मिळवण्यासाठी अख्खं व्यंजन बदलायचं, हा व्यवहार मला परवडत नाही. गृहस्थ त्यावर ‘भाषेत असं होतं’ म्हणाले. भाषेत असं होतं, हे मी म्हटलं असतं तर त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं.

माझा तर्क ऐका. तर्कच आहे, पण माझा लाडका आहे. खडष्टक बायकामाणसांच्या तोंडी रुळलं तेव्हा त्याच्या शेजारी आधीच एक भांडखोर शब्द बसलेला होता : खडाजंगी. दोन भांडणं शेजारी राहिली की एकमेकांचं वळण लागतंच. खडाजंगीचा काना खडष्टकाने उचलला आणि खडाष्टक झालं. पुढे पंचांग छापणाऱ्याला वाटलं, हा गावंढळ ख इथे शोभत नाही. त्याने ख काढून ष बसवला, पण काना काढायचं विसरला. म्हणजे ‘षडाष्टक’ हे संस्कृत नव्हेच. ते सोवळं नेसलेलं खडाष्टक आहे. सोवळ्याच्या काठातून मराठी काना बाहेर लोंबतोय. हे वाचून प्राध्यापक पुन्हा फोन करतील. करू देत.

आणि खडष्टक म्हणजे सरसकट वैर नव्हे, हेही जोशीबुवा सांगत असत. दोन्ही राशींचा स्वामी एकच असेल किंवा स्वामी मित्र असतील तर ते प्रीतिषडाष्टक, एरवी मृत्युषडाष्टक. मेष-वृश्चिक दोन्ही मंगळाच्या, म्हणून प्रीती. मेष-कन्या मृत्यू. लग्नघरात यावरून रात्ररात्र खल चालत. मला पत्रिकेतलं काही विचारू नका, मी शब्दांपुरता. पण पाव-अर्धा-पाऊणचा जो हिशेब मघाशी लक्षात ठेवायला सांगितला, तो इथे लावून बघा. आठव्या घरावर पाऊण नजर, सहाव्यावर शून्य. म्हणजे मेषेला वृश्चिक बऱ्यापैकी दिसते, वृश्चिकेला मेष अजिबात दिसत नाही. एक बघतोय आणि दुसऱ्याला पत्ता नाही. ज्याने या जोडीला भांडणाची जोडी ठरवलं त्याने संसार केलेला असणार.

आमच्या काकूची रास मेष, काकांची वृश्चिक. ‘खडाष्टक आहे, पण प्रीतीचं आहे, करा’ असं सांगून जोशीबुवांनी दक्षिणा घेतली होती. काका रोज जेवताना पेपर वाचतात आणि आमटीत मीठ नाही हे त्यांच्या कधी लक्षात येत नाही. काकू मुद्दाम घालत नाही. समोर बसून बघत असते. चाळीस वर्षं झाली.